ओटीच्या नारळाचा कौल

म्हैसूरमधल्या नजरबादच्या रंगारी समाजाच्या हॉलमध्ये त्या रविवारी सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. चपलांचा ढीग पायऱ्या उतरून रस्त्यावर आला होता, रिक्षावाले त्याला वळसा घालून शिव्या देत जात होते, आणि आत लाउडस्पीकरवर एक भरदार आवाज सांगत होता की श्वास रोखा, देवी आता दूध पिणार आहे.

आणि देवी प्यायली की हो! स्टेजवर भरजरी कापडानं झाकलेलं टेबल, त्यावर पितळी घंगाळ, आणि घंगाळात उभी हातभर उंचीची पितळेची देवी. एक बाई कलशातून दुधाची बारीक धार सोडत होती. दूध देवीच्या पावलांवरून गुडघ्यांपर्यंत आलं, गुडघ्यांवरून कमरपट्ट्याला टेकलं, आणि मग गुळगुळ गुळगुळ आवाज करत घंगाळ पार तळापर्यंत रिकामं झालं. हॉलभर हात जोडले गेले. पहिल्या रांगेतल्या दोघीतिघींना रडू आलं, आणि मागच्या रांगेतल्यांना काहीच न दिसताही रडू आलं.

टेबलामागे भगव्या शालीत क्षीरेश्वर स्वामी बसले होते. हे गृहस्थ कुठून आले, कोणाला ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे केदारनाथहून, कोणी म्हणे तुमकूरहून. पण बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला पाकात बुडवून काढावं. "भक्तहो," ते माइक तोंडाशी धरून म्हणाले, "न्यूटनचं सफरचंद खाली पडलं. ते लहान विज्ञान. देवीचं दूध वर चढतं, हे मोठं विज्ञान. ह्याला व्हायब्रेशन म्हणतात."

चौथ्या रांगेत बसलेल्या अमूल्याला इथं ठसका लागला. ती बी.एड.च्या शेवटच्या टप्प्यात होती. विषय फिजिकल सायन्स, म्हणजे शाळेतल्या पोरांना भौतिक आणि रसायन कसं शिकवावं हे शिकायचं. कॉलेज जयलक्ष्मीपुरमकडे, आणि सरावाचे पाठ वरुणा गावातल्या एका हायस्कुलात. तिथल्या हेडमिस्ट्रेसना ही हसरी पोरगी आवडली होती. जूनपासून आमच्याकडेच शिकवायला ये, असं त्यांनी सांगूनही टाकलं होतं. अमूल्याला तर त्या दिवसापासून जमिनीवर चालल्यासारखं वाटतच नव्हतं.

पण कार्यक्रमाची रीत अशी होती. ज्याला आयुष्यातला प्रश्न पडला असेल त्यानं तो देवीपुढे मोठ्यानं विचारायचा. घरच्या बाईनं दुधाची धार धरायची. स्वामी मंत्र म्हणणार, आणि मंत्र संपला की धार थांबवायची. देवी दूध प्याली तर हो, तशीच उभी राहिली तर नाही. एकदा नाही आलं की वर्षभर तो प्रश्न तोंडातून काढायचा नाही. हा शेवटचा नियम स्वामींचा नव्हे, समाजाचाच, पणज्यांच्या काळापासूनचा. स्वामींनी तो ऐकला मात्र, आणि त्यांचे डोळे चमकले होते.

समाजातल्या अर्ध्या पोरांच्या करिअरचा निकाल आतापर्यंत ह्या घंगाळात लागला होता. गंमत अशी की देवीला बँकेच्या परीक्षांचं भलतंच प्रेम. इंजिनिअरिंग करू का? नाही. नर्सिंग? नाही. बँक परीक्षेचं कोचिंग? गुळगुळ. आणि कोचिंग कुठलं, तर क्षीरामृत करिअर अकॅडमी, जी स्वामींचे मेहुणे चालवत. अमूल्याची मावसबहीण भाग्या, जिला केमिस्ट्रीत एम.एस्सी. करायचं होतं, ती आता तिथं बसून व्याजाची गणितं करत होती.

"बाकी काही नाही गं," भाग्या एकदा कंटाळून म्हणाली होती, "पण तिथली कॉफी पिवळी असते. हळदीचा वास येतो." अमूल्या हसली होती आणि विसरून गेली होती.

त्या रविवारी म्हातारे तिरुमलराव उठले. त्यांना साखरेचा आजार, आणि जीव अडकलेला म्हैसूरपाकात. डॉक्टर खाऊ देत नाहीत, देवी देईल का, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. देवी जागची हलली नाही. क्षीरेश्वरांच्या सगळ्या कारकिर्दीत तेवढा एक कौल डॉक्टरच्या बाजूनं पडला म्हणायचा.

आणि मग अमूल्याचे अप्पा, श्रीनिवासराव, उठून उभे राहिले. अप्पांचं फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापायचं दुकान. स्वामींचा दहा फुटी फ्लेक्स त्यांनीच छापलेला, गालावरची चामखीळही पुसून दिलेली. माणूस साधा, पण शब्दाचा पक्का. पुढच्या रविवारी माझ्या मुलीच्या मास्तरकीचा प्रश्न देवीपुढे ठेवीन आणि ती सांगेल तेच करीन, असं त्यांनी साऱ्या समाजासमोर जाहीर केलं. स्वामींनी अमूल्याकडे नीट पाहून घेतलं आणि म्हणाले, "मास्तरीण? बरं, बरं. अकॅडमीत नवी बॅच निघतेच आहे." म्हणजे देवीच्या आधी ह्यांनाच उत्तर माहीत.

बसनं घरी येताना अमूल्या भांडली नाही. तिला रडू येत होतं आणि बसमध्ये रडायचं नव्हतं. अनुसूयाबाई, तिची आई, शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "सुम्मने, उगीचच काळजी करतेस. देवीला काय कळत नाही का?"

मंगळवारी वरुणाच्या शाळेत अमूल्या पुढच्या पाठाची तयारी करत बसली होती. बी.एड.वाल्यांचा एक नेम असतो. पाठाला शैक्षणिक साधन हवं, आणि ते टाकाऊ वस्तूंतून स्वतःच्या हातानं केलेलं हवं. पाठ होता वक्रनलिकेचा, ज्याला पुस्तकात सायफन म्हणतात. तिनं पाण्याची प्लॅस्टिकची बाटली कापली, झाकणाला भोक पाडून त्यातून वाकडी नळी घातली, एक टोक आत तळाशी, मधला बाक वर, दुसरं टोक झाकणातून खाली बाहेर. भोकाभोवती मेण लावलं आणि वरून पाणी ओतू लागली. पाणी बाकाच्या खाली होतं तोवर काही झालं नाही. बाकावर चढलं मात्र, आणि बाटली गुळगुळ गुळगुळ करत तळापर्यंत रिकामी झाली.

अमूल्या बाटलीकडे बघत राहिली. तिनं पुन्हा पाणी ओतलं. पुन्हा गुळगुळ. आवाज तोच, अगदी तोच! मग तिला कमरपट्टा आठवला, टेबलावरचं लोळणारं कापड आठवलं, आणि मंत्र आठवले. भाग्याच्या केमिस्ट्रीच्या वेळी स्वामींचा मंत्र कसा चुटकीसरशी संपला होता, आणि बँकेच्या वेळी तोच मंत्र ताणून ताणून म्हणताना त्यांना मध्येच श्वास घ्यावा लागला होता. मंत्र लांबला की दूध जास्त, आखूड झाला की दूध कमी. कौल देवीचा नव्हताच. तो स्वामींच्या जिभेच्या टोकाला होता. रिकाम्या प्रयोगशाळेत ती एकटीच इतकी हसली की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर डोकावून गेले.

संध्याकाळी तिनं बाटली अप्पांपुढे ठेवली. अप्पांनी प्रयोग पाहिला, भुवया उंचावल्या, आणि मग त्यांचा चेहरा बंद झाला. "देवीला बाटलीत बसवतेस?" ते म्हणाले. "बाटली बाटली आहे, देवी देवी आहे. मी शब्द दिलाय, अमू." अनुसूयाबाईंनी तर बाटलीला नमस्कारच केला, न जाणो. अमूल्याला कळलं की हे घरात सांगून पटणारं नाही. आणि रविवारी नाही आलं तर वर्ष गेलं, शाळेत तोवर दुसरी कोणी लागली असती, आणि तिच्या हाती उरली असती ती पिवळी कॉफी. तिला राग आला, खराखुरा राग, आणि त्या रागातच एक युक्ती सुचली.

"आई," ती म्हणाली, "रविवारी मला देवीची ओटी भरायचीय. मोठा नारळ आण. चांगला जड बघून आण." अनुसूयाबाईंना पोरीला सद्बुद्धी सुचली असं वाटून भरून आलं. त्यांनी देवराज मार्केट पालथं घातलं आणि दुकानदार कंटाळेपर्यंत नारळ हातात तोलून पाहिले.

रविवार उजाडला. गर्दी दुप्पट. अप्पांनी देवीपुढे उभं राहून विचारलं की मुलीनं बी.एड. पुरं करून वरुणाच्या शाळेत शिकवायला लागावं का. अनुसूयाबाईंनी कलश उचलला. स्वामींनी डोळे मिटले, मंत्र सुरू केला, आणि सुरू केला म्हणेपर्यंत संपवला. एवढ्या लगबगीनं तर भटजी श्रावणातल्या पाचव्या सत्यनारायणालाही म्हणत नाहीत! धार थांबली. दूध देवीच्या गुडघ्याच्या जरा वर येऊन राहिलं. हॉल थांबला. काही झालं नाही.

"देवी नाही म्हणते," स्वामी हळहळले. "मुली, खडू-फळ्यात तुझं भाग्य नाही." अप्पांनी मान खाली घातली. अमूल्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिला दिसलं की त्यांना आनंद झालेला नाही. मनातून त्यांना हो हवं होतं. तिचा उरलासुरला संकोच तिथंच गेला.

"ओटी भरायची राहिली," ती मोठ्यानं म्हणाली. स्वामी प्रसन्न हसले आणि टेबलाच्या कडेला ठेव म्हणाले. पण पुढच्या रांगेतल्या बायका अशा थोड्याच ऐकणार होत्या? कडेला काय म्हणून? ओटी देवीच्या पायाशी जाते, लेकीनं भरलेली तर नक्कीच जाते, असा एकच कालवा झाला. स्वामींना मान डोलवावी लागली. देवीचे पाय दुधात होते. अमूल्यानं हात जोडले, आणि मनापासून जोडले, कारण देवीशी तिचं काहीच भांडण नव्हतं. मग तिनं हळकुंडं सोडली, सुपाऱ्या सोडल्या, खारका सोडल्या, आणि शेवटी तो जड नारळ दोन्ही हातांनी अलगद दुधात ठेवला.

दूध वर चढलं. मांड्यांवरून वर सरकलं, कमरपट्ट्याला टेकलं.

गुळगुळ गुळगुळ.

हॉलमध्ये असा गलका झाला की छताचे पंखे हलावेत. देवीनं नाहीचं हो केलं! असं कधी कोणी ऐकलं नव्हतं. अनुसूयाबाई आनंदानं रडू लागल्या. स्वामींची बोबडी वळली, पण ते मुरलेले. देवी लेकीच्या ओटीला भुलली, असं काहीसं पुटपुटून त्यांनी पुढचा प्रश्न मागितला आणि नारळाकडे हात नेला. त्यासरशी बायका ओरडल्या. भरलेली ओटी कोणी काढतं का? हात मागे आला. नारळ घंगाळातच राहिला, आणि घंगाळातली जागा अडवून बसला.

आता मजा बघा. भाग्या पुढे धावली आणि केमिस्ट्रीचा प्रश्न तिनं पुन्हा टाकला. वर्षाच्या नियमाची आठवण कोणाला? तिच्या आईनंही नारळ आणलेला होता, तो पायाशी गेला. स्वामींनी मंत्र निम्म्यावर तोडला, तरी गुळगुळ. नर्सिंगवालीनं नारळ ठेवला, मंत्र पाव झाला, गुळगुळ. चौथ्या वेळी स्वामी नुसतं "ॐ" म्हणाले आणि गप्प बसले. देवी तेवढ्यातही प्याली. तिरुमलराव काठी टेकत पुढे येऊन म्हैसूरपाकाचं विचारू लागले, तेव्हा तर कलशातली उरलेली वाटीभर धार पुरली. म्हातारा दोन्ही हात वर करून नाचू लागला.

"तिरुमलमामा, थांबा," अमूल्या त्यांचा हात धरून म्हणाली. "नारळ हो म्हणाला म्हणून रक्तातली साखर उतरत नाही. तुम्ही डॉक्टरांचंच ऐका." तिरुमलराव मध्येच थांबले. नारळ हो म्हणाला? ते शब्द पहिल्या रांगेतून दुसरीत गेले, दुसरीतून तिसरीत.

अप्पा केव्हाचे स्टेजजवळ उभे होते. माणूस साधा असला तरी रंगाऱ्याचा नातू, भांड्यात काय चाललंय हे त्याच्या डोळ्यांना दिसत होतं. त्यांनी दुधाचा नवा कलश उचलला आणि स्वामींकडे न बघता देवीला विचारलं, "हा माणूस आम्हाला फसवतोय का?" स्वामींनी मंत्र म्हटलाच नाही. तेव्हा अप्पांनीच "ॐ" म्हटलं आणि दूध ओतलं.

गुळगुळ गुळगुळ.

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळा हॉल हसला. अप्पा मात्र हसले नाहीत, ते विजयी नजरेनं लेकीकडे वळले. आणि अमूल्यानं नकारार्थी मान हलवली.

"हा कौलही खोटाच, अप्पा. स्वामी खरे आहेत का असं विचारलं असतंत तरी ती प्यायली असती."

अप्पा गोंधळले. "मग कळायचं कसं?"

"विचारायचं नाही. टेबलाखाली बघायचं."

अप्पांनी वाकून ते भरजरी कापड वर केलं. टेबलाला भोक, भोकातून उतरलेली नळी, नळीखाली दुधाचा कॅन, आणि कॅनवर ठळक अक्षरांत लिहिलेलं: क्षीरामृत अकॅडमी, कँटीन. दुधावर देवीच्या पायांवरून उतरलेल्या हळदीकुंकवाचा तवंग तरंगत होता. "अय्यो देवरे," भाग्या किंचाळली, "कॉफी!"

अमूल्यानं पिशवीतून आपली बाटली काढली आणि घंगाळाशेजारी ठेवली. मूर्ती आतून पोकळ आहे, तिनं सांगितलं. नळी तळाशी सुरू होते, कमरपट्ट्यापर्यंत चढते, तिथं वळते आणि खाली टेबलात उतरते. दूध बाकाच्या वर गेलं की एकदा ओघळायला लागतं, आणि मग हवेचा दाब मागचं दूध ढकलत राहतो, तळ लागेपर्यंत. नारळ घातला की दूध वर चढतं, एवढंच मी केलं, व्हायब्रेशन काही नाही. बाटली हातोहात मागच्या रांगेपर्यंत फिरली आणि प्रत्येकानं एकदा तरी गुळगुळ करून पाहिलंच. आजोबा लोकांनी तर दोनदा.

अप्पा कॅनपाशीच बसले होते. "माझे आजोबा निळीच्या रांजणातून रंग असाच काढायचे," ते हळूहळू म्हणाले. "रबरी नळी, एक टोक रांजणात, दुसरं खाली. तोंडानं ओढायचं आणि सोडून द्यायचं. आमच्या सगळ्या पोरांचे ओठ निळे असायचे, शाळेत चिडवायचे आम्हाला." ते लेकीकडे बघून म्हणाले, "निळा रंग असता तर कळलं असतं गं. पांढरं दूध होतं, वर देवी होती, म्हणून डोकं बंद पडलं." हॉलमध्ये कितीतरी म्हाताऱ्यांनी नकळत ओठांवरून हात फिरवला. साऱ्या म्हैसुरात ही युक्ती कोणी पहिल्या नजरेत ओळखायला हवी होती तर ती ह्या रंगाऱ्यांनी, आणि नेमके तेच हात जोडून बसले होते.

ह्या गडबडीत क्षीरेश्वर स्वामी फोन आला म्हणून बाहेर गेले ते गेलेच. चपलांच्या ढिगात खडावा सापडल्या नाहीत म्हणून अनुसूयाबाईंच्या मोरपिशी सँडल घालून गेले. अनुसूयाबाईंना पुढे कितीतरी दिवस अकॅडमी बंद पडल्याचा आनंद थोडा आणि सँडलचं दुःख जास्त होतं.

हॉल रिकामा झाल्यावर अप्पा लेकीला म्हणाले, "देवी तर काहीच बोलली नाही म्हणायची. आता तुझं कोणाला विचारू?"

"मला विचारा ना," अमूल्या म्हणाली. "सगळ्यांना विचारलंत, अप्पा. मलाच कोणी विचारलं नाही."

अप्पांनी डोळे पुसले आणि विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं, तरी तिनं ते पूर्ण सांगेपर्यंत ऐकून घेतलं.

अमूल्याचा शेवटचा पाठ वरुणाच्या शाळेत झाला. देवीची मूर्ती समाजाच्या देवळातल्या गाभाऱ्यात बसवली होती, नळी काढून, सन्मानानं. घंगाळ आणि नळी मात्र अमूल्याला शैक्षणिक साधन म्हणून मिळाली. ते ओझं मांडीवर घेऊन अप्पाच बसनं आले आणि परीक्षकांची परवानगी काढून मागच्या बाकावर बसले. पाणी बाक ओलांडून कसं जातं, असा प्रश्न अमूल्यानं वर्गाला विचारला, तेव्हा पोरांच्या हातांबरोबर मागून एक पिकल्या केसांच्या माणसाचाही हात वर गेला. अमूल्यानं त्यांनाच उभं केलं. उत्तर बरोबर आलं.

तेव्हा मंडळी, सांगायचं ते एवढंच. उद्या तुमच्या गल्लीतही कोणी येईल. त्याची मूर्ती दूध पिणार नाही, घाम गाळेल, नाहीतर राख देईल, नाहीतर आणखी काही करेल. हात जोडायचे असतील तर जरूर जोडा, पण आधी वाकून टेबलाखाली बघा. आणि पोरीच्या आयुष्याचा प्रश्न असेल तर घंगाळाकडे जायच्या आधी पोरीला विचारा, ती बहुतेक शेजारीच उभी असते.